इंदूर–मनमाड रेल्वे येतेय. शेतवाटांची नोंद कुठे आहे?

इंदूर : फेब्रुवारी २०२१ मध्ये मंदसौर जिल्ह्यातल्या एका वृद्ध महिलेचं राष्ट्रपतींना लिहिलेलं पत्र देशभर फिरलं. शेताकडे जायची वाट अडवली आहे, तेव्हा हेलिकॉप्टर घ्यायला कर्ज आणि ते उडवायला परवाना द्या, अशी मागणी त्यात होती. टीव्हीवर हसण्याचा विषय झाला. ज्यांचं शेत रस्त्यालगत नाही, आतल्या गटात आहे, त्यांना मात्र हसू आलं नाही. बांधावरून बैलगाडी जात होती, ट्रॅक्टर जाऊ देत नाहीत, पेरणी तोंडावर आली आहे आणि प्रकरण तहसीलमध्ये पडून आहे, ही गोष्ट माळव्यात, निमाडात, खानदेशात आणि वऱ्हाडात सारखीच ऐकू येते.

आता या जुन्या भांडणात एक नवं कारण येऊन पडलं आहे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर–मनमाड रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये, वाटेत सहा जिल्हे : नाशिक, धुळे, बडवानी, खरगोन, धार आणि इंदूर. स्टेशन कुठे होणार, मुंबई किती तासांवर येणार, याची चर्चा दोन्ही राज्यांत भरपूर झाली. ती व्हायलाच हवी, या मार्गाची मागणी कित्येक वर्षांची आहे. पण ३०९ किलोमीटर रूळ म्हणजे ३०९ किलोमीटर लांबीची एक भिंतही असते. तिच्या अल्याड घर आणि पल्याड शेत, अशी शेकडो कुटुंबं होणार आहेत. त्यांच्या वाटेचं काय, हा प्रश्न अजून गावपातळीवरच अडकून आहे.

इंदुरातल्या मराठी घरांना हा विषय परका नाही. नोकरी-धंदा इंदुरात आणि वडिलोपार्जित दोन-चार एकर धुळे, जळगाव, बऱ्हाणपूर नाहीतर अकोल्याकडे, असं असणारी घरं पुष्कळ आहेत. शेत वाट्याने किंवा ठोक्याने दिलेलं, मालक वर्षातून दोनदा जाणार. वाट बंद झालीय हे अशा मालकाला कळतं तेव्हा सहा महिने उलटलेले असतात. हे सहा महिने किती महागात पडतात ते पुढे पाहू.

दोन राज्यं, दोन कलमं

शेतवाटेच्या वादात तहसीलदाराला अधिकार आहे, हे सीमेच्या दोन्ही बाजूंना खरं आहे. पण तो काय विचारणार, हे दोन्हीकडे वेगळं आहे.

मध्य प्रदेशात भू-राजस्व संहिता १९५९ ची. तिच्या कलम १३१ नुसार शेताकडे, पडीक जमिनीकडे किंवा गावाच्या कुरणाकडे जायच्या वाटेवरून वाद झाला, तर तहसीलदार जागेवर चौकशी करतो आणि पूर्वीची वहिवाट काय होती ते पाहून निकाल देतो. सर्व पक्षांची सोय बघायची, हेही कलमात आहे. म्हणजे पहिला प्रश्न : इथून आधी कोण जात होतं? कलम १३३ नुसार मान्य वाटेवरचा अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतो. समोरच्याने ऐकलं नाही तर स्वतः काढून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकतो.

महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता १९६६ ची, कलम १४३. इथे तहसीलदार दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या सीमेवरून, म्हणजे बांधावरून, वाट देऊ शकतो आणि ती देताना शेतकऱ्याला शेतात पोहोचण्याची वाजवी गरज काय आहे ते बघतो. म्हणजे पहिला प्रश्न : याला वाटेची गरज आहे का? वाट नव्याने हवी असेल तर हे कलम. असलेली वाट कुणी अडवली असेल तर १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम, कलम ५. आता ते सहा महिने. या १९०६ च्या कायद्याखाली दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. मृगाच्या आधी काटेरी कुंपण पडलं आणि तुम्ही दिवाळी करून, नाताळच्या सुट्टीत इंदुरातून गावी गेलात, तर ही वेळ निघून गेलेली असते.

दोन्ही कलमांत एक साम्य आहे. तहसीलदाराचा निकाल हा शेवटचा शब्द नाही. महाराष्ट्रात कलम १४३ च्या निर्णयाविरुद्ध एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. मध्य प्रदेशातही कलम १३१ चा आदेश दिवाणी न्यायालयाचं दार बंद करत नाही. तिथे १८८२ चा सुविधाधिकार कायदा लागतो : वीस वर्षं उघडपणे, बिनविरोध, खंड न पडता वाट वापरली असेल तर हक्क तयार होतो. जमीन सरकारची असेल तर ही मुदत तीस वर्षांची.

वाचायला सोपं आहे. सिद्ध करायला मात्र तीस वर्षांपूर्वी या वाटेने गाडी हाकलेला माणूस हवा. तो आज सत्तरीच्या घरात आहे. काही ठिकाणी तर तो राहिलेलाच नाही.

एका कागदाची दोन घरं

बऱ्हाणपूर, अकोला, अमरावती ही गावं १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. राजधानी नागपूर. इंदूर तेव्हा मध्य भारतात. त्या दिवशी सीमा बदलल्या, पण महसुलातले जुने शब्द दोन्हीकडे राहिले. ‘वाजिब-उल-अर्ज’ हा त्यातला एक. गावच्या रूढी लिहून ठेवायचं हे दफ्तर. कुणाच्या शेतातून कुणाची वाट जाते, पाटाचं पाणी कोण कुठून नेतं, हे त्यात लिहिलेलं असतं. दुसरं ‘निस्तार पत्रक’ : गावाच्या सामाईक सरकारी जमिनीवर चराई, सरपण, माती-मुरूम यांचा हक्क कुणाला आणि कसा, याचा तक्ता. महाराष्ट्राच्या संहितेतही विदर्भापुरती ही दोन्ही दफ्तरं ठेवलेली आहेत.

मध्य प्रदेशाच्या कलम २४२ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट आहे. वाजिब-उल-अर्ज हे एकदा लिहून बंद केलेलं पुस्तक नाही. उपविभागीय अधिकारी, म्हणजे ज्यांना इथे सगळे एसडीएम म्हणतात, ते अर्जावरून चौकशी करून त्यात नवी नोंद घालू शकतात, जुनी दुरुस्त करू शकतात. ही नोंद खासगी जमिनीतून जाणाऱ्या वाटेची असते, म्हणून तिचं मोल जास्त. तरीही शेतकरी आयुष्यभर खसरा आणि बी-१ च्या नकला काढतो, वाजिब-उल-अर्जाची नक्कल क्वचितच कुणी मागतं. वकिलाने सांगितलं की मग धावपळ.

महाराष्ट्राने २२ मे २०२५ च्या शासन निर्णयाने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकलं. शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यावी, असं त्यात ठरलं. रुंदीचं बाजूला ठेवा, दुसरी गोष्ट मोठी आहे. तहसीलदाराचा आदेश पूर्वी फाइलमध्ये राहायचा. शेत विकलं गेलं, नवा मालक आला, की तो म्हणायचा, मला कुणी सांगितलं नव्हतं. सातबाऱ्यावर नोंद असली की हे म्हणता येत नाही. वाट माणसाच्या तोंडातून निघून जमिनीच्या कागदाला चिकटते.

मध्य प्रदेशाच्या कलम १३१ मध्ये रुंदीचा आकडा नाही. रूढी बघा, सोय बघा, एवढंच. १९५९ मध्ये ते पुरेसं होतं, कारण वाटेवरून काय जायचं याबद्दल शंका नव्हती : बैलगाडी.

खरा वाद रुंदीचा

आज कोणत्याही गावात विचारा. ‘पायी जा, कोण अडवतंय?’ असं अडवणारा सांगतो आणि ते बहुतेक खरंही असतं. भांडण माणसाच्या जाण्याचं नाही, वाहनाच्या जाण्याचं आहे. बैलगाडी चार-पाच फुटांच्या चाकोरीत जायची. ट्रॅक्टरला ट्रॉलीसकट सात-आठ फूट मोकळे लागतात. हार्वेस्टरचं कापणीचं पातं साधारण चौदा फुटांचं असतं. रावेर, यावल आणि बऱ्हाणपूरच्या पट्ट्यात केळीची गाडी शेताच्या तोंडापर्यंत आली नाही तर घड डोक्यावरून वाहायची मजुरी शेतकऱ्याच्या अंगावर पडते. व्यापारीही भाव बोलताना आधी ‘गाडी लागते का?’ हेच विचारतो.

म्हणजे वाट तीच, पण तिचा अर्थ बदलला. ज्याच्या बांधावरून ती जाते तो म्हणतो, बैलगाडीची वहिवाट होती, ट्रॅक्टरची नव्हती. ज्याला जायचंय तो म्हणतो, शेती करायची वहिवाट होती आणि शेती आता ट्रॅक्टरनेच होते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. कायदा इथे गप्प असला की निकाल तहसीलदाराच्या स्वभावावर आणि गावातल्या वजनावर लागतो.

यात जुन्या नकाशाची गंमत बघण्यासारखी आहे. महाराष्ट्राच्या गावनकाशांत तुटक एकेरी रेषेने दाखवलेला पायमार्ग सव्वाआठ फुटांचा धरतात. तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा. नव्या शासन निर्णयातली किमान रुंदी तीन ते चार मीटर, म्हणजे दहा ते तेरा फूट. म्हणजे ज्या गावाची गाडवाट नकाशावर आहे, त्या गावाला आजच्या किमान मापापेक्षा जास्त रुंदी मागायचा आधार आधीपासूनच आहे. पण प्रत्यक्षात ती वाट सहा फूट उरलेली दिसते. कारण सोपं आहे. दोन्हीकडचा शेतकरी दरवर्षी नांगराचा एकेक तास वाटेत घालतो. कुणी मुद्दाम घालतो, कुणाला कळतही नाही. चाळीस वर्षांत पाणंदीची पायवाट होते आणि मग पायवाट हीच ‘वहिवाट’ ठरते. नकाशा कुणी काढून बघत नाही.

या पाणंदी मोकळ्या करायला पैसे नव्हते असंही नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आहे, मध्य प्रदेशात सुदूर ग्राम संपर्क व खेत सडक योजनेखाली रोजगार हमीतून असे रस्ते झाले. जिथे गावाने आधी हद्द ठरवून अतिक्रमण काढलं तिथे रस्ता झाला. जिथे खडी आधी आली आणि मोजणी नंतर, तिथे काम कोर्टात गेलं.

दुसऱ्याची बाजूही आहे

इथे अडवणाऱ्याला नुसतं खलनायक करून चालणार नाही. हिशोब करून बघा. चार मीटर रुंदीची वाट अडीचशे मीटर लांब गेली तर जागा होते एक हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे. दोन्ही बाजूंनी निम्मी निम्मी घेतली तरी एकेकाचे पाच गुंठे गेले. दोन एकरवाल्याची ही सोळावा हिस्सा जमीन. बागायती पट्ट्यात हे छोटं नाही. आणि नवीन वाट कलम १४३ खाली मिळते तेव्हा या जमिनीचा मोबदला द्यायचं त्या कलमात काही नाही.

शिवाय वाटेच्या नावाखाली सगळेच शेतकरी येत नाहीत. इंदूरच्या आसपास, सांवेर, देपालपूर, महूच्या बाजूला, शेतजमीन झपाट्याने कॉलनीत जाते आहे. आतला गट स्वस्तात घ्यायचा, मग शेजाऱ्याकडून ‘शेतीसाठी’ वाट मागायची आणि पुढे त्याच वाटेला कॉलनीचा रस्ता म्हणायचं, ही भीती शेजाऱ्यांना वाटते आणि ती निराधार नाही. नदीकाठच्या गावांत हीच भीती रेतीच्या डंपरची असते. एकदा डंपर गेला की ती वाट शेताची राहत नाही.

म्हणून नोंदीत नुसतं ‘रस्ता’ लिहून भागत नाही. कशासाठी, कोणत्या वाहनासाठी, कोणत्या गटापर्यंत, किती रुंद, हे लिहिलं पाहिजे. असं लिहिलेलं असलं तर वाट देणाऱ्यालाही संरक्षण मिळतं. उद्या शेत बिनशेती झालं तर तो म्हणू शकतो, मी दिली होती ती शेतीची वाट. सध्या तो पूर्णच नाही म्हणतो, कारण एकदा हो म्हटलं की कुठे थांबेल याची त्याला खात्री नसते.

सरकारी जमिनीचं दुखणं याहून वेगळं. मध्य प्रदेशात चरनोई, महाराष्ट्रात गायरान. या जमिनीतून जाणारी वाट कुणाच्याच मालकीची नसते, म्हणून ती आधी जाते. कुणी झोपडी टाकतो, कुणी पेरतो, कुणी तार ओढतो. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा कब्जेदारी हटवायच्या योजना करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. गायरानाचा विषय निघाला की हा निकाल सगळे सांगतात. गायरानातून जाणारी वाट मोजून घ्यायचा अर्ज मात्र कमीच येतो. ड्रोनवर विसंबून बसायचीही सोय नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली स्वामित्व योजना गावठाणाची मोजणी करते, वस्ती संपते तिथे तिचा नकाशाही संपतो.

युटाच्या वाळवंटात हेच भांडण

हा आपल्याच गावगाड्याचा मागासपणा आहे असं कुणाला वाटत असेल तर अमेरिकेकडे बघावं. १८६६ मध्ये तिथल्या संसदेने एक ओळीची तरतूद केली : सरकारी पडीक जमिनीवरून सार्वजनिक रस्ता करायचा हक्क दिला आहे. अर्ज नाही, नोंद नाही, नकाशा नाही. खाणवाले, गुराखी, टपालवाले जिथून गेले तिथे रस्ता झाला. शंभर वर्षं असं चाललं. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ही तरतूद रद्द झाली, पण त्याआधी तयार झालेले हक्क कायम ठेवले.

झालं, भांडणाला तोंड फुटलं. युटा हे राज्य बरंचसं वाळवंटी, आणि त्यातली बहुतांश जमीन केंद्र सरकारची. युटा आणि तिथल्या जिल्ह्यांनी बारा हजारांहून अधिक वाटांवर हक्क सांगून केंद्राविरुद्ध दावे लावले. जिल्हे म्हणतात, हे आमचे जुने रस्ते, इथून जीप-ट्रक जाऊ द्या. पर्यावरणवाले म्हणतात, यातल्या कितीतरी ‘वाटा’ म्हणजे कोरडे ओढे आणि चाकांचे जुने व्रण, गाड्या सोडल्या तर वाळवंटाची नाजूक माती आणि पाण्याच्या जागा संपतील. कोर्टाचा प्रश्न मात्र आपल्या तहसीलदाराचाच : १९७६ च्या आधी दहा वर्षं लोक इथून सतत जात होते का, दाखवा.

दाखवणार कसं? म्हाताऱ्या गुराख्यांच्या जबान्या आधीच नोंदवून ठेवायची वेळ आली, कारण खटला उभा राहीपर्यंत साक्षीदार राहील याची खात्री नव्हती. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या सॉल्ट क्रीक नावाच्या घळीतल्या वाटेचा वाद वर्षानुवर्षं चालला. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने जिल्ह्याचा दावा फेटाळला, कारण सलग दहा वर्षांचा सार्वजनिक वापर सिद्ध झाला नाही. वाट डोळ्यांसमोर होती, पुरावा कमी पडला.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, नोंद नसलेला हक्क जितका जुना होतो तितका कमजोर होतो, बळकट होत नाही. दुसरी, नोंद नसली की खोटा दावा आणि खरा दावा सारखेच दिसतात. ज्याची वाट खरी आहे त्याचंच त्यात जास्त नुकसान.

रूळ पडण्याआधी

आता पुन्हा इंदूर–मनमाडकडे येऊ. रेल्वे कायदा १९८९, कलम १६. रुळांमुळे लगतच्या जमिनीच्या वापरात जो खंड पडतो तो भरून काढायला ओलांडण्याच्या जागा, पूल, मोऱ्या, वाटा बांधून देणं हे रेल्वेचं काम आहे, रेल्वेच्या खर्चाने. आणि ते रूळ टाकताना किंवा लगेच नंतर करायचं आहे. कोणती वाट आवश्यक आहे हे ठरतं राज्य सरकारच्या मतावर. म्हणजे धुळ्याकडच्या वाटेबद्दल महाराष्ट्र, बडवानीकडच्या वाटेबद्दल मध्य प्रदेश. मार्ग वाहतुकीला खुला होऊन दहा वर्षं झाली की जादा कामाचा खर्च करायला रेल्वे बांधील राहत नाही. नंतर वाट हवी असेल तर मागणाऱ्याने पैसे भरायचे.

राज्य सरकारचं ‘मत’ कुठून तयार होतं? तलाठी, पटवारी, मंडळ अधिकारी, तहसील यांच्या अहवालातून. आणि अहवाल तयार होतो तो कागदावर जे आहे त्यातून. मोजणीच्या दिवशी पथक नकाशा घेऊन येतं. नकाशावर ओळ असेल तर तिथे भुयारी मार्गाचा प्रश्न निघतो. ओळ नसेल तर तिथे फक्त संपादनाचं क्षेत्र असतं, वाट नसतेच. रेल्वेफाटकाची आशा तर धरूच नये. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकली, आता ओलांडायचं ते वरून किंवा खालून. खालून जायची जागा कुठे, किती उंच, किती रुंद हे आराखड्यात एकदा ठरलं की ठरलं. ट्रॅक्टर जाईल पण हार्वेस्टर जाणार नाही, किंवा आषाढात गुडघाभर पाणी साचेल, हे सांगायची वेळ आराखड्याच्या आधीची असते.

मोबदल्याबद्दलही एक गैरसमज आहे. लोक फक्त गेलेल्या गुंठ्यांचे पैसे मोजतात. जमिनीचे तुकडे पडून जे नुकसान होतं तेही धरायचं असतं, असं भूसंपादनाच्या कायद्यात आहे. शेताचा एक तुकडा पल्याड गेला आणि तिकडे जायला दोन किलोमीटरचा वळसा पडणार असेल, तर ते नुकसान हरकतीत लिहून द्यावं लागतं. वाटेची नोंदच नसेल तर वळसा कशावरून मोजणार?

समृद्धी महामार्गाच्या वेळी हे विदर्भ-मराठवाड्याने पाहिलं आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. तो दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे, मध्येच कुठून ट्रॅक्टर चढवता येत नाही. अशा रस्त्याच्या कडेची शेतवाट एकदा तुटली की ती जोडून मिळेपर्यंत शेतकऱ्याचे हंगाम जातात. रेल्वेच्या बाबतीत अजून वेळ हातात आहे, एवढाच फरक.

मग गावाने काय करायचं? पाच-सहा कामं आहेत आणि त्यांना मंत्री लागत नाही. गावनकाशाची नक्कल काढून सगळ्या पाणंदी, शिवरस्ते, गाडवाटा एका कागदावर खुणा करून घ्याव्यात. मध्य प्रदेशातल्या गावांनी वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रकाच्या प्रमाणित नकला मागाव्यात आणि नसलेल्या वाटांसाठी एसडीएमकडे कलम २४२ खाली अर्ज द्यावा. महाराष्ट्रातल्या गावांनी कलम १४३ चे जुने आदेश शोधून ते ‘इतर हक्क’ रकान्यात चढवून घ्यावेत. गावातल्या सत्तरीपुढच्या माणसांच्या जबान्या पंचांसमोर आजच लिहून घ्याव्यात. ग्रामसभेत वाटांची यादी ठराव म्हणून मंजूर करावी, कोणत्या वाटेवर कोणतं वाहन जातं तेही त्यात लिहावं. आणि हा ठराव रेल्वेकडे तर द्यावाच, पण पोच घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडेही द्यावा, कारण कलम १६ मधलं मत राज्य सरकारचं आहे. मध्य प्रदेशात दर मंगळवारी जनसुनवाई असते, महाराष्ट्रात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन. इंदुरात राहणाऱ्या मालकांना गावी जायला जमत नसेल तर निदान वाटेकऱ्याकडून वाटेचे फोटो तारखेसकट मागवून ठेवावेत.

सरकारांकडून मागायचं ते वेगळं. भोपाळने रुंदीचा किमान आकडा आणि खसऱ्यातल्या नोंदीचा नियम करावा. मुंबईने नव्या वाटेत ज्याची जमीन जाते त्या छोट्या शेतकऱ्याच्या मोबदल्याचा विचार करावा, नाहीतर तीन-चार मीटरचा नियम प्रत्येक गावात एक नवा दावा उभा करील. दोन्ही राज्यांनी या मार्गापुरती तरी शेतवाटांची एकत्र पाहणी मोजणीच्या आधी करावी. सीमेवरच्या गावांत घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात असणारे लोक आहेत, त्यांनी कुणाच्या तहसीलदाराकडे जायचं हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

भूसंपादनाची नोटीस दारात आली की बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो, भाव काय देणार. तो विचारावाच. त्याच दिवशी दुसराही विचारावा : उरलेल्या शेतात जायचं कुठून, आणि ते कोणत्या कागदावर लिहिलंय?